मला दिसायला लागलं त्या वर्षी

मी पाचवीत होते त्या वर्षी आमच्या घरात एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. आई घर सोडून तोरणमाळला गेली आणि मला दिसायला लागलं. पहिल्या गोष्टीचा दोष गावानं आईला दिला. दुसरीचं श्रेय माझ्या मोठ्या काकूनं घेतलं.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं, कळसाडीच्या बाजूचं. केळी आणि ऊस मोठे काका बघायचे. वडील, म्हणजे आप्पा, गावच्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. दरवर्षी गॅदरिंगला ते स्टेजवर जाऊन हवेतून अंगारा काढून दाखवायचे, मग तो कसा काढला तेही दाखवायचे आणि म्हणायचे, "विद्यार्थीमित्रांनो, चमत्कार असा नसतोच." घरातही ते पुस्तकी मराठीच बोलायचे. त्यांच्या तोंडात अहिराणी यायची ती चिडले की, नाहीतर घाबरले की.

आईनं लग्नाआधी नर्सिंग केलं होतं. इतकी वर्षं ते शिक्षण घरच्यांच्या तापाखोकल्यावर खर्च झालं. मग तिला नेमणुकीचा कागद आला, तोरणमाळच्या सरकारी दवाखान्याचा. मोठी माय, म्हणजे काकू, कपाळाला हात लावून बसली. "घरमा काय कमी शे? सून डोंगरवर जाईसन सुया टोची, लोके काय म्हनतीन?"

स्त्रीशिक्षणावर दर तीन जानेवारीला भाषण करणारे आप्पा तीन दिवस तो कागद उलटसुलट वाचत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नकोस."

आई चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "तसं लेखी द्या. सर्व्हिस बुकला लावते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गेली. माझी शाळा बुडू नये म्हणून मी दिवाळीपर्यंत खालीच राहायचं ठरलं. वर फोनला रेंज नव्हती. दर रविवारी ती एका टेकाडावर चढून फोन करायची. आप्पा फोन उचलायचे, तसाच माझ्या हातात द्यायचे आणि अंगणात जाऊन मोटारसायकल पुसायचे. ती मोटारसायकल तेव्हा होती तितकी स्वच्छ पुन्हा कधी दिसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, मधल्या सुट्टीत घरी येऊन आम्ही जेवत होतो. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि एकदम माझ्या डाव्या घोट्यात काहीतरी सरकलं. दुखलं नाही. दुखणं दुसऱ्या कुणाचं आहे आणि मला ते नुसतं कळतंय, असं काहीसं. त्याबरोबर ओल्या शेवाळलेल्या दगडाचा वास आला. मी म्हणाले, "आईचा पाय मुरगळला."

"जेव," आप्पा म्हणाले.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी आला. आई म्हणाली, मागल्या आठवड्यात बुधवारी दुपारी ओढ्यातल्या दगडावरून घसरले, डावा पाय, टेकाडावर चढता येईना म्हणून फोन केला नाही. मी ते मोठ्यानं सांगितलं. मोठ्या मायच्या हातातलं सूप खाली पडलं आणि तांदूळ घरभर झाले. अंगणात आप्पांचा पुसण्याचा फडका थांबला.

संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. "याला योगायोग म्हणतात. आपण प्रयोग करू." त्यांनी एक नाणं वीस वेळा उडवलं, दर वेळी हाताखाली झाकलं आणि मला छापा की काटा विचारलं. वहीत दोन रकाने आखले होते. नुसत्या अंदाजानंही दहाच्या आसपास बरोबर यायला हवेत, असं त्यांनी आधीच समजावलं होतं. माझे तीन आले.

आप्पांनी वही मिटली. त्यांचा सिद्धान्त टिकला होता, पण चेहऱ्यावर तसा आनंद दिसेना. "इतकं चुकायलाही काहीतरी लागतंच," ते पुटपुटले.

मोठ्या मायला असल्या प्रयोगांची गरज नव्हती. आठ दिवसांत गल्लीभर झालं की पोरीच्या अंगात काहीतरी आहे. ज्या काकूनं तोवर माझी वेणी घालायलाही कंटाळा केला होता, ती मला रोज न्हाऊ घालून, कुंकू लावून ओसरीवर बसवू लागली. बाया यायच्या. "मन्हा पोऱ्या पास व्हई का?" "मन्ही म्हैस कोठे गयी?" "मन्ही सासू आखो कितला दिन जगी?" शेवटचा प्रश्न तर त्या सासूच्या देखत विचारला गेला, आणि सासूही उत्तर ऐकायला पुढे सरकली.

आता प्रामाणिकपणे सांगते. काही गोष्टी मला खरंच कळायच्या, त्या घोट्यासारख्या, अचानक, वासासकट. पण त्या कमी. बाकी मी लहान होते आणि लहान पोरीसमोर कुणी बोलणं थांबवत नाही. म्हैस कुणाच्या उसात शिरली ते मी आदल्या दिवशी पिठाच्या गिरणीत ऐकलं होतं. उरलेलं मी ठोकून द्यायचे. चुकलेलं लोक विसरायचे, आणि जमलेलं असं सांगायचे की ते ऐकून मलाच आश्चर्य वाटायचं.

आप्पा ओसरीकडे पाठ करून शाळेत जायचे. मुख्याध्यापकांनी त्यांना एकदा विचारलं म्हणे, "सर, यंदाच्या गॅदरिंगला अंगाऱ्याचा प्रयोग ठेवायचा ना?" आप्पा म्हणाले, यंदा चुंबकाचा घेऊ.

आणि मग एके दिवशी दुपारी, मोठी माय शेतात गेलेली असताना, आप्पा वह्या तपासत होते. लाल पेन तसंच हातात धरून, माझ्याकडे न बघता, त्यांनी हळूच विचारलं, "काय करी ऱ्हायनी ती?"

विज्ञानाचे शिक्षक अहिराणीत विचारत होते. मी डोळे मिटले. काहीही दिसलं नाही. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता, म्हणून मी म्हणाले, "आई रडतेय."

मला वाटलं होतं, हे ऐकून ते उठतील आणि तिला आणायला जातील. त्यांनी मान हलवली, समाधानानं श्वास सोडला आणि पुढची वही ओढली. आठवडाभर ते दर दुपारी विचारायचे. मी आईला रोज नव्या ठिकाणी रडवलं. खिडकीत, चुलीपुढे, दवाखान्याच्या पायरीवर. आप्पांची तब्येत सुधारली. ते दोन भाकऱ्या जास्त खाऊ लागले.

मग माझ्या लक्षात आलं की मी उलटं करतेय. सोमवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हसतेय."

"हसतेय? कुणाबरोबर?"

"खूप बाया आहेत. आई मधोमध बसलीय. खूश आहे."

त्या दिवशी त्यांनी एकाच मुलाला दोनदा नापास केलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी मोटारसायकल काढली आणि मला मागे बसवलं. मोठ्या मायला सांगितलं, तोरणमाळच्या आश्रमशाळेत काम आहे. कसलं काम, ते तिनंही विचारलं नाही.

घाट चढताना एकेका वळणावर गाडी धापा टाकायची आणि मला वाटायचं, माझं खोटं आता उघडं पडणार. आई खरंच खिडकीत रडत बसलेली असली तर?

दवाखान्याच्या व्हरांड्यात पंचवीसेक पावरा आदिवासी बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. आई त्यांच्या मधोमध होती. मोडक्यातोडक्या पावरी बोलीत ती काहीतरी बोलली. ते इतकं चुकलं असावं की सगळ्या बाया खदाखदा हसल्या, आणि आई सगळ्यांत जास्त. तिला असं हसताना मी घरी कधीच पाहिलं नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जी भीती होती ती अजून आठवते. मी थाप मारली होती हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते सांगायची ती वेळ नव्हती.

आईनं आम्हाला पाहिलं. उठली नाही. "बसा. नंबर आला की बोलावते."

आप्पा बाकावर बसले. दीड तास. एका म्हातारीनं त्यांना कुठं दुखतं म्हणून खुणेनं विचारलं, त्यांनी मान हलवली, म्हातारीनं समजूतदारपणे त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. नंबर आल्यावर आईनं सवयीनं त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबायला लागली.

"माझं ते... परत येऊ नकोस म्हणालो होतो," आप्पा म्हणाले.

"बोलू नका. आकडा वर जातो." मग पट्टा सोडत ती म्हणाली, "मी महिन्यातून दोन रविवार येईन. तुम्ही दोन शनिवार यायचं. नोकरी सोडणार नाही."

आप्पा हो म्हणाले. समोर इतक्या बाया असताना दुसरं काही म्हणताही आलं नसतं.

पुढच्या पंधरवड्यात आई घरी आली तेव्हा ओसरीवर दहाबारा बाया माझी वाट बघत होत्या. मला वाटलं, आता फटके. तिनं पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि माझ्या शेजारी मांडी घातली. "आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे." बायांची पंचाईत झाली. भविष्य ऐकायची तयारी होती, रक्तदाब तपासायची नव्हती. दोघी चप्पल घालून निघूनच गेल्या.

रांगेत सात महिन्यांची एक पोटुशी होती. तिला विचारायचं होतं, मुलगा की मुलगी. ती समोर बसली आणि मला लोखंडाचा वास आला, इतका की मी मागे सरकले. "आई, हिला आधी बघ."

आईनं दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं नाही, उठून आप्पांना जीप बघायला सांगितलं. तासाभरात ती बाई शहाद्याच्या दवाखान्यात होती. बाळ लवकर झालं, लहान झालं, पण दोघंही वाचली.

संध्याकाळी आईनं विचारलं, "तुला काय दिसलं?"

"तिचा चेहरा सुजला होता," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"शाब्बास. असं बघायचं असतं." तिच्या मते ती माझी नजर होती. मोठ्या मायच्या मते ती देवी होती. आप्पांच्या मते तो योगायोग होता, पण हे त्यांनी जरा घाईनं सांगितलं. बाळाच्या बापानं पेढ्यांचा पुडा आणला आणि तो आप्पांच्या हातात दिला, कारण जीप त्यांनी आणली होती.

लोखंडाच्या वासाबद्दल मी कुणाला बोलले नाही. दिवाळीनंतर मी वर आईकडे राहायला गेले, रांग बंद झाली आणि मोठ्या मायनं ओसरीवर वाळवण घातलं. पुढं मीही नर्सिंगच केलं. आता कुणी विचारलंच तर सांगते, ते लहानपणीचं वेड होतं, सुटलं. डॉक्टरही मला कधीमधी विचारतात, सिस्टर, तुम्हाला आधीच कसं कळलं? मी म्हणते, चेहरा सुजला होता.