आईला वखार सोडायला लावली

रवळू बेळगावच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नऊ वर्षांपूर्वी, नोकरीला नुकताच लागला असताना, त्यानं निपाणीत राहणाऱ्या आपल्या आईला, अक्काताईला, तंबाखूच्या वखारीतलं काम सोडायला लावलं.

तिला दम लागायचा. "तंबाखूच्या धुळीनंच हाय हे," तो म्हणाला. तपासणी काहीच केली नव्हती. पण घरात शिकलेला तो एकटाच, म्हणून कुणी उलट विचारलं नाही. तीस बायकांवर देखरेख करणारी, त्यांची भांडणं सोडवणारी अक्काताई घरात बसली. वेळ जावा म्हणून गोधड्या शिवायला लागली. जुन्या साड्यांची गाठोडी बेळगावातून रवळूच आणून द्यायचा. दम उलट वाढतच गेला. "इतक्या वर्साची तंबाखू छातीत बसलीया, जायला येळ लागंल," असं तो सांगत राहिला.

गेल्या वर्षी प्रयोगशाळेत दम्याच्या रुग्णांची पाहणी सुरू झाली. गाद्या-गोधड्यांच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. त्यांच्याविरुद्ध रक्तात किती प्रतिपिंडं तयार झालीत, ते मोजायचं होतं. रवळूनं आईचंही रक्त घेतलं. चाचणीच्या प्लेटमधल्या इवल्या खळग्यांत रंग यायचा. जेवढा गडद, तेवढी प्रतिपिंडं जास्त. आईचा खळगा पिवळाधमक झाला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

पाहणी करणाऱ्या डॉक्टर चिन्मयींनी अक्काताईला बोलावून घेतलं. "दम वखारीत जास्त लागायचा की घरी?"

"घरीच की. अंथरूण झाडताना, न्हायतर पाटंचं. वखारीत बरं वाटायचं. पर मला तवा कुणी इचारलंच न्हाय." मागं उभ्या असलेल्या रवळूनं मान खाली घातली.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर आलं. तेव्हा रवळू म्हणाला, "आई, माझं चुकलं गं."

"तू भल्यासाठीच सांगितलंस रं," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पर घरात लई करमायचं न्हाय बघ."

त्यानं घरातलं सगळं अंथरूण बदललं, गाद्यांना बंद खोळी घातल्या. तीन महिन्यांत तिचा दम पुष्कळ कमी झाला. वखार मात्र मधल्या काळात बंद पडली होती, आणि तिथं अक्काताईच्या शेजारी बसणारी शालूबाई लेकीकडं कायमची निघून गेली होती.

आता तो रोज संध्याकाळी फोन करतो. "आज काय केलंस, आई?"

"काय करायचं? बसलीया," ती म्हणते.