टचपॅड सापडेना

हसा, पण आधी पूर्ण ऐकून घ्या. एवढा मोठा गाढवपणा मी एकदाच केलाय, आणि तोही संपूर्ण आत्मविश्वासाने!

मी देवळाली प्रवरातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, राहतो नगरला. शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर लिनक्स नावाची सिस्टीम बसवणारा मीच. ‘फुकट आहे, व्हायरस नाही, कधी बंद पडत नाही’ हे मी इतक्यांदा ऐकवलंय की मी स्टाफरूममध्ये शिरलो की लोक चहाचा कप घेऊन व्हरांड्यात जातात.

त्या दिवशी चार वाजता हेडसरांचा निरोप समारंभ. फोटोंचा स्लाइड शो माझ्याकडे. सकाळी घरीच लॅपटॉप घेऊन बसलो, फोटो गोळा केले, आणि टचपॅड बंद! बोट घासतोय, कर्सर ढिम्म.

“अहो, कोपऱ्यावरून एक माऊस आणा ना,” बायको म्हणाली.

माऊस? मी? लिनक्सवाला? समोर कमांड द्यायची काळी खिडकी उघडीच होती. त्या खिडकीलाच विचारलं, बाई, तुला काय काय जोडलंय? यादी आली. कीबोर्ड आहे. माऊस आहे. टचपॅडचं नावच नाही!

आता मला सांगा, घरात माऊस नसताना यादीत माऊस कुठून आला? शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. मी म्हटलं, सिस्टीम गोंधळलीय. टचपॅड चालवणारा नवा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, टाकला आणि स्क्रीनचा सगळा कारभार बंद करून पुन्हा सुरू करायची कमांड दिली. माझी स्क्रीन लुकलुकलीसुद्धा नाही. वा, काय दमदार सिस्टीम!

तेवढ्यात फोन. शाळेचे क्लार्क, म्हस्के भाऊसाहेब.

“सर, मानपत्र टाइप करत हुतो. एकदम स्क्रीन काळी झाली अन् पासवर्ड मागाया लागली. समदं गेलं!”

“काहीतरी दाबलं असणार तुम्ही.”

“न्हाई वो, ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’ लिवत हुतो नुसतं.”

मी दुसरा ड्रायव्हर टाकला. पुन्हा तीच कमांड. पुन्हा फोन.

“सर, परत गेलं! ह्या बारीला ‘ज्ञानयज्ञा’पत्तोर आल्तो.”

“सेव्ह केलं होतं?”

“पुरं झाल्यावर करनार हुतो ना!”

मग मी त्यांना सेव्ह करण्याच्या सवयीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. वर सुनावलं, “भाऊसाहेब, लिनक्स असं करत नाही. माणूस करतो!”

तिसऱ्यांदा कमांड. तिसऱ्यांदा फोन. भाऊसाहेब रडकुंडीला आलेले. “सर, आता तर मी हात मागं घेऊन नुसता वाचत बसल्तो. तरी गेलं! भूतबाधा हाय का काय?”

बायको चहा ठेवायला आली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, “अहो, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘ऑफिस’ का लिहिलंय? तुम्ही तर घरी आहात ना?”

माझ्या हातातली बिस्किटं चहात पडली.

सकाळी फोटो घ्यायला मी घरबसल्या शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो होतो. लिनक्समध्ये तशी सोय असते. बाहेर पडायचं विसरलो! म्हणजे तीन तास मी भाऊसाहेबांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात टचपॅड शोधत होतो, आणि दर खेपेला त्यांचं मानपत्र पुसत होतो.

ती खिडकी बंद केली. माझ्या लॅपटॉपला तोच प्रश्न विचारला. पहिल्याच ओळीत टचपॅड! फक्त बंद केलेलं. कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं, कर्सर पळायला लागला.

आता कबुली द्यायची, असं ठरवून मी भाऊसाहेबांना फोन लावला. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? “आता नाही जाणार. तुमचा कॉम्प्युटर मी इथूनच दुरुस्त केलाय!”

“लई उपकार झाले, सर. पन मी कागदावर लिवून काढलं.”

चार वाजता त्यांनी ते कागदावरचं मानपत्र वाचलं. साधं, सरळ, हेडसरांचे डोळे भरून आले. माझा स्लाइड शो झाला, पण फोटो कुणाच्या लक्षात राहिले नसावेत. शेवटी आभार मानताना भाऊसाहेब म्हणाले, “आपल्या कॉम्प्युटरच्या सरांनी स्वतःचं काम सोडून सकाळधरनं माझ्यापायी जिवाचं रान केलं.”

टाळ्या कडाडल्या. हेडसरांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्यासमोर धरला.

आणि मी काय केलं? मान जरा पुढे केली, त्यांना नीट घालता यावा म्हणून!