मंजूच्या अंघोळीचं पाणी

मी देवाला हात जोडते, पण भुताखेतांना कधी घरात घेतलं नाही. शेजारणी असलं काही सांगायला लागल्या की मी उठून कुकर लावायला जायची. तरी आज लिहितेय, कारण आता नाही सांगितलं तर माझ्याबरोबरच जाईल... शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, तेव्हा चूकभूल समजून घ्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. ह्यांची नोकरी सिल्वासाला, सरकारी कचेरीत. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे न्हाणी, तिच्या दाराशी तांब्याचा बंब. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दीड वर्षाची आमची मंजू.

मंजूला जरा ताप आला की फीट यायची. डोळे वर, अंग ताठ, मग हातपाय झटकायची. दवाखान्यात म्हणायचे, मोठी झाली की थांबेल. कुणी कांदा हुंगवायला सांगायचं, कुणी दृष्ट काढायला. आम्ही सगळं केलं.

सासूबाईंचा नियम होता – दर रविवारी मंजूला तेल चोळून, सोसेल तितक्या कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. मी विसण घालायला गेले की हातातला तांब्या काढून घ्यायच्या. "गार पाणी ओतून सर्दी करतेस पोरीला. मग ताप, मग ते." फीटला त्या नेहमी 'ते'च म्हणायच्या. लागोपाठ दोन रविवार मंजूला न्हाणीतच फीट आली, अंगात ताप नसताना. आम्ही म्हटलं, नजर लागली.

तिसऱ्या रविवारी मी बंबातून बादली भरली. चांगल्या वाफा येत होत्या. सासूबाईंनी मंजूला पायांवर घेतलं, तांब्या बुडवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बंब पेटवलायस, की नुसती फुंकणी वाजवलीस?"

मी हात घातला. पाणी कोमट! त्याच बंबातलं पाणी घेऊन नंतर हे अंघोळीला बसले, तर चटका बसला म्हणून कुरकुरले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. शेजारी मालतीबाई राहायच्या, धुळ्याकडच्या, नवरा मसाटच्या कारखान्यात. त्या हसून म्हणाल्या, "ताई, तुमच्या बंबालेच नजर लागनी. पोरीची सोडा, बंबाची काढा." मग एकदा स्वतःच्या स्टोव्हवर पातेलंभर पाणी उकळून घेऊन आल्या, मंजूशेजारी ठेवलं. जरा वेळानं बोट घातलं... आणि पातेलं उचलून गेल्या. पुन्हा कधी त्यावर थट्टा केली नाही.

सात-आठ महिने असेच गेले. न्हाणीत एकदाही फीट आली नाही. तापात मात्र यायचीच. एका तापात तर अर्धा तास थांबेना. पोर हातची जाते की काय असं झालं. सावरल्यावर तिला घेऊन मुंबई गाठली.

तिथले डॉक्टर म्हणाले, "अशा मुलांना अंग तापलं की फीट येते. ताप असो, ऊन असो, कढत पाणी असो. हे जन्मापासूनचं असतं, पुष्कळदा घराण्यातून येतं. तुमच्या घरात कुणाला होतं?"

"कुणालाच नाही," सासूबाई पटकन म्हणाल्या.

"गरम पाण्यानं अंघोळ घालता?"

"घालतो," मी म्हटलं, "पण ते गार होतं."

"छान. तसंच करत राहा," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

बाहेर बाकावर सासूबाई बराच वेळ पदराचं टोक चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधीची एक मुलगी होती मला. कुसुम. न्हाऊ घालताना तिला ते आलं, माझ्या पायांवरच गेली. पाणी कढत होतं. तापानं गेली म्हणून सांगितलं सगळ्यांना. घरात फेफरं आहे कळलं असतं, तर माझ्या मुलांना मुली कुणी दिल्या असत्या गं?"

मला राग यायला हवा होता. पण मी काही बोलायच्या आत त्या उठल्या आणि नंबर नसताना दार ढकलून आत गेल्या. "डॉक्टर, मी मघाशी खोटं बोलले." डॉक्टरांनी सगळं नीट ऐकलं, लिहिलेला कागद परत ओढून घेतला आणि गोळी बदलली.

त्यानंतर विसण मीच घालू लागले. एकदा विसरले, तर पाणी कढतच राहिलं होतं. बरं झालं, आधी हात घालून बघायची सवय होती.

मंजू आज माझ्याजवळच असते. गोळ्या चालू आहेत, फीट क्वचित येते. ह्यांचा भाचा विज्ञान शिकवतो, तो म्हणाला, "मामी, हवेनं गार होत असेल." मे महिन्यात? मी त्याला आणखी भात वाढला.

मला कारण तेव्हाही कळलं नाही, आजही माहीत नाही. सासूबाई पुढे अकरा वर्षं होत्या. त्या पाण्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. फक्त मी विसण घातलं की त्या बादलीत हात बुडवायच्या, आणि जरा जास्तच वेळ तसाच ठेवायच्या.