पंप चालवायचा कागद

मी घरी बसून यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते. मिक्सर कसा जोडावा, गिझरला काय करू नये, असली. डोंबिवली एमआयडीसीतले कारखानदार मला ‘मॅडम’ म्हणतात आणि ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत मी म्हणजे ‘ती घरीच असते ना!’ लोकांची कुरिअर घ्या, चाव्या ठेवा, गॅसवाल्याला दार उघडा. त्यामुळे सेक्रेटरी सकाळी सकाळी दारात उभे राहिले तेव्हा मी आधीच तापलेली होते.

“वॉचमनला चार दिवस रजा हवी आहे,” ते म्हणाले. “चिपळूणकडे नातीचं बारसं आहे. पण पंप चालवता येतो तो फक्त त्याला. तू लिहितेस ना? मग त्याला विचारून लिहून काढ बघू. पानभर.”

ते गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच मला आडव्या आल्या. “अगं बये, लिहून देऊ नकोस हो. सिक्युरिटी एजन्सीवाले केव्हाचे टपून बसलेत. पंप ह्याला एकट्यालाच येतो, म्हणून बावीस वर्षं टिकलाय तो. तू कागद दिलास की ह्याची नोकरी गेलीच समज.”

काकूंचं खोटं नव्हतं. पण लिहिलं नाही तर बारसं बुडणार. शेवटी मी वॉचमनकाकांनाच विचारलं. ते म्हणाले, “लिहा ताई. नीट लिहा मात्र. काही राहायला नको.” आणि खरं सांगू? मलाही खुमखुमी होतीच. माझ्या धंद्यात नवीन येणाऱ्या पोरींना मी नेहमी सांगते, जाणकार माणूस ‘थोडंसं’ म्हणाला की तिथेच त्याला धरायचं. म्हणून वही घेऊन मी पंपाच्या खोलीत गेले.

“हा वॉल्व अर्धा उघडायचा.”

“अर्धा म्हणजे किती?”

“अर्धा म्हणजे पाऊण.”

मी पाऊण लिहिलं. मग मोटर पाणी उचलत नसेल तर तिला चपलेने दोनदा मारायचं. कुठल्या चपलेने? डाव्या. उजवी चालणार नाही का? “चालेल की. पण खाली पाणी असतं. उजव्या पायाला माझ्या भेग आहे.” हे लिहायचं की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी ‘चप्पल (कोणतीही)’ असं लिहिलं.

टाकी भरल्याचं दाखवणारा काटा कधीच मोडलेला. मग कळतं कसं? तर इकडे पंप सुरू झाला की तिकडे काकू कुकर लावतात. तिसरी शिट्टी झाली की ए विंग भरली, आता पाणी बी विंगकडे वळवायचं.

“घड्याळ लावलं तर?”

“घड्याळ पुढेमागे होतं, ताई. काकू होत नाहीत.”

“आणि एकादशीला? तेव्हा कुकर कुठे असतो?”

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. “एकादशीला भगर. तिचा वास जिन्यात आला की वळवायचं.”

कागद कमिटीपुढे गेला. सात माणसं आणि सात मतं. एकाला वर ‘श्री’ हवा होता. दुसऱ्यांना चपलेवर आक्षेप, कारण पंपाच्या खोलीत गणपतीचं कॅलेंडर आहे. तिसऱ्याने सुचवलं, की शेवटी ‘अडचण आल्यास वॉचमनशी संपर्क साधावा’ असं टाका. अहो, तो नसणार म्हणून तर हा कागद! ‘श्री’ घातला, कॅलेंडर हलवलं, बाकी एक अक्षर बदलू दिलं नाही. तेव्हा कुठे काका ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटीने गावाला गेले. जाताना कागदाची एक प्रत मागून घेतली.

ते चार दिवस सेक्रेटरी लॅमिनेट केलेला कागद हातात घेऊन, मान वर करून, शिट्ट्या मोजत अंगणात उभे. काकूंची लेक ठाण्याला असते, तिने जेवायला बोलावलं होतं. काकू गेल्या नाहीत. “मी गेले तर बी विंगने अंघोळी कशाने करायच्या?” मला कागद लिहून देऊ नकोस म्हणणारी बाई ती! मध्ये एकादशी आली. सेक्रेटरी दर मजल्यावर नाक वर करून हुंगत फिरले. तरी टाकी एकदाही वाहिली नाही की कोणाचा नळ कोरडा गेला नाही. माझं लिखाण इतकं बिनचूक आयुष्यात कधी उतरलं नव्हतं. आणि काकूंचं ‘नोकरी गेलीच समज’ मला दिवसभर आठवत होतं.

रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. काका आदल्या दिवशीच परतलेले आणि मागे चहा ओतत होते. सेक्रेटरी उभे राहिले. “पंप आता कोणीही चालवू शकतो, हे सिद्ध झालं आहे. तेव्हा पुढच्या महिन्यापासून एजन्सी नेमावी, असा ठराव मांडतो.” भराभर हात वर झाले.

मी ताडकन उठले. “तो कागद चुकीचा आहे.”

“चार दिवस तर चालला!”

“नशिबाने चालला. त्यात मोठी चूक आहे. एक दिवस मोटर जळेल, मग माझ्याकडे येऊ नका.” जन्मात कधी माझ्या लिखाणाला मी चूक म्हटलं नव्हतं. क्लायंटशी स्वल्पविरामावरून भांडणारी बाई मी. पण ते वाक्य बोलले आणि सभा खरोखर चुळबुळली. मोटर जळण्याची भीती आमच्याकडे देवाच्या कोपापेक्षा मोठी. दोन हात खाली गेले, मग तिसरा. मला वाटलं, आपण जिंकलो.

“चूक?” मागून आवाज आला. काकांनी ट्रे स्कूटरच्या सीटवर ठेवला होता. “कुठली चूक, ताई?”

मी डोळ्यांनी गप्प बसा, गप्प बसा म्हणत होते. काकूंनी तर त्यांच्याकडे बघून कपाळावर हात मारला. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेली प्रत काढली.

“बारशाला आलेल्या सगळ्यांना मी हा वाचून दाखवला. जावयाने फोटो काढून घेतला. सगळे म्हणाले, एवढं सगळं तुम्हाला येतं?” त्यांनी घडी उलगडून माझ्यापुढे धरली. “सांगताना मी कुठे चुकलो, ते सांगा. बावीस वर्षं चुकीचा पंप चालवला का मी?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कागदातली एक पायरी चुकली एवढंच म्हणायचं होतं, कुठलीही, सहावी, सातवी. माझ्याच्याने झालं नाही.

“नाही काका. तुमचं काहीच चुकलं नाही.”

“सगळं बरोबर?”

“सगळं बरोबर.”

ते सेक्रेटरींकडे वळले. “बघा. मी म्हटलं नव्हतं, कागद बरोबर आहे?”

ठराव पास झाला. काकांनी कागदाची घडी नीट खिशात ठेवली, ट्रे उचलला आणि पहिला चहा मला दिला.