नाडी ओढा, नाडी सोडा

जिममधले डंबेल कधी जागेवर परत जात नाहीत आणि लेडीज बॅचचे किस्से कधी दाराबाहेर जात नाहीत. बारा वर्षं अमरावतीत ट्रेनर म्हणून काढली, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा ढीग झालाय! काही किस्से हसत सांगायचे असतात, काही मान खाली घालून. आजचे बरेचसे दुसऱ्या प्रकारचे आहेत.

*

आमची लेडीज बॅच दुपारी तीनची. दोरीवरच्या उड्यांचा दिवस असला की बायका एकेक करून बाथरूमकडे निघायच्या. मला वाटायचं, सगळा कामचोरपणा. शेवटी मी पाटीच लावली, 'बॅच सुरू असताना बाथरूमला जाऊ नये.'

सुनंदाकाकू रिटायर्ड शिक्षिका. त्यांनी चष्मा सावरून पाटी वाचली आणि म्हणाल्या, "मॅडम, पाटी लावाची असंन त आधी दोरी काढा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पाटी तशीच राहिली.

*

पुढे काकू अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन आल्या. 'पेल्विक फ्लोअरचे व्यायाम करणे.' काउंटरवर आमचा दुसरा ट्रेनर गोपाल होता. दंड असे, की शर्टाच्या बाह्या उसवायला आलेल्या. त्यानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि अगदी मनापासून सांगितलं, "काकू, आपलं जिम त ग्राउंड फ्लोअरले आहे. हे दुसरीकडं असंन!"

हा किस्सा मी महिनाभर सांगत फिरले. पण खरं सांगू? त्या चिठ्ठीतलं मलाही काही कळलं नव्हतं. भिंतीवर माझी सहा सर्टिफिकेटं. खांद्याच्या स्नायूंची नावं झोपेतून उठवून विचारा. पण लघवी धरून ठेवणारे, गर्भाशयाला खालून आधार देणारे स्नायू असतात आणि बाळंतपणानंतर ते सैल पडू शकतात, हे कुठल्याच कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. काकूंना मी आपले पोटाचे क्रंचेस दिले.

*

रुखसानाआपा शिलाईकाम करायच्या. बॅचमध्ये कायम मागच्या रांगेत, दाराजवळ, काळ्या सलवारीत. पाटी लागली आणि पंधरा दिवसांत त्यांचं येणं बंद झालं. ब्लाउज शिवायचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेले.

"आपा, काहून येत नाही?"

त्यांनी मशीन थांबवली. दाराकडे एकदा पाहिलं.

"उडी मारली का थेंब जाते, बेटा. खोकला आला तरी जाते. तीन लेकरं झाल्यापासून असंच हाय. अन् थेंब गेला का वजू तुटते."

वजू म्हणजे नमाजीआधी हात-पाय-तोंड धुऊन पाक होणं. दुपारचा वजू टिकला तर त्यातच बॅचनंतरची असरची नमाजही होते; तुटला की कपडे बदला, पुन्हा धुवा, मग नमाज. दर वेळी.

"बाथरूमले जाऊन आली का जरा निभत होतं. तुमी तेई बंद केलं."

"मग मले सांगायचं ना, आपा!"

"कोनाले सांगू? पाटीले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ब्लाउजचं माप न देताच मी परतले. दुसऱ्या दिवशी पाटी काढली आणि काकूंना सोबत घेऊन अकोला गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तासभर समोर बसवून शिकवलं. पुढे आपांनाही त्यांनीच तपासलं.

*

शिकले खरं, पण बॅचला समजावायचं कसं? 'पेल्विक' म्हटलं की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघणार. आवळायचं नेमकं काय, हे सांगताना माझीच जीभ अडखळायला लागली. आपा त्याच दिवशी पुन्हा आल्या होत्या. मागून आवाज आला, "नेफ्यातली नाडी ओढावी तसं ना? चारी बाजूनं आवळून वर?"

"हो! अगदी तसंच!"

"मंग तसं सांगा ना, मॅडम."

तेव्हापासून आमच्याकडे 'नाडी ओढा... नाडी सोडा' असंच चालतं. काकू मध्येच ओरडतात, "सोडाचं विसरू नका बायांनो, नाही त गाठ बसते!" डॉक्टरीणबाईंनीही हेच बजावलं होतं.

*

एकदा गोपाल मशिनी पुसायच्या निमित्तानं माझ्याजवळ घुटमळला. "मॅडम, ते नाडीचं... आईले सांगता का फोनवर? गावाकडं शेंदूरजन्याले असते. संत्र्याचा क्रेट उचलला का तिले लगेच घरात जा लागते. मले वाटे, उन्हाचा कंटाळा करून राहिली."

मी फोन लावला. तो मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

*

आणि हा शेवटचा. सहा-सात महिने झाले असतील. दोरीचा दिवस होता. आपा दुपारची नमाज पढून बॅचला आल्या आणि पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही मोजल्या, चाळीस उड्या. बॅच सुटताच त्या तडक घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बॅचआधी मला दाराशीच गाठलं. हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, काल दुपारच्याच वजूत असरची नमाज पढली."