बक्षिसाचा बोकड

मे महिन्यात आमच्या गावची क्रिकेट स्पर्धा असते आणि तिचं समालोचन मी करतो. मुंबईत मी कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं वेगळी करतो; तिथे दिवसभर माझं कोणी ऐकत नाही. गावात माझा आवाज लाउडस्पीकरवरून दापोलीच्या रस्त्यापर्यंत पोचतो. म्हणून रजा मी गणपतीला टाकतो आणि स्पर्धेला टाकतो.

आमचं मैदान म्हणजे गावावरचा कातळ. झाड नाही, झुडूप नाही. मे महिन्यात तिथे अनवाणी फिल्डिंग करणारा माणूस आपोआप चपळ होतो.

त्या वर्षी पहिलं बक्षीस होतं चषक आणि बोकड. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. माझा चुलतभाऊ, दादा, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने वरच्या वाडीतल्या काकीकडून काळा बोकड विकत घेतला, त्याला झेंडूचा हार घातला आणि मंडपाच्या बांबूला बांधला. त्याच बांबूवर लाउडस्पीकरचा खोका होता.

"येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला हवा," दादा म्हणाला.

हार बोकडाने लगेच खाल्ला. दादाने दुसरा आणवला.

षटकार गेला की डीजेवाला गाणं वाजवायचा. गाणं वाजलं की बोकड दावं पुरेल तेवढी उडी मारायचा. लोकांना ते इतकं आवडलं की काही जण सामन्याकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक षटकार गेला, गाणं वाजलं आणि बोकड उठलाच नाही. जीभ बाहेर आली होती, डोळे अर्धे मिटले होते. पोट भात्यासारखं हलत होतं. माझी खुर्ची त्याच्या शेजारीच होती. मी दादाला खूण केली. त्याने मला धावसंख्या सांगायची खूण केली.

मी माइक तोंडाशी धरला. "पंचांना विनंती, सामना थांबवण्यात यावा. प्रथम क्रमांकाच्या बक्षिसाला चक्कर आलेली आहे."

सीमारेषेवरचा एक फिल्डर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. आम्ही दोघांनी बोकडाच्या डोक्यावर पाणी ओतलं. पाठोपाठ दादा आला.

"मंडळाची लाज काढतोस?"

"याला सावलीत बांधूया."

"सावलीत तो कोणाला दिसणार? आणि तू मटण खात नाहीस काय?"

"खातो."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माइक चालूच होता, त्यामुळे उत्तर नाही हेही सगळ्या गावाला कळलं.

वरच्या वाडीत ते काकीलाही ऐकू गेलं होतं. ती डोक्यावर पदर आणि हातात फणसाचा पाला घेऊन कातळावर आली. तिने सरळ दाव्याची गाठ सोडायला घेतली.

"काकी, तो आता मंडळाचा हाय," दादा म्हणाला.

"मंडळाला सांग, तू बस उन्हात. मी तो खायला विकला, नाचवायला नाय."

बोकडाने आधी पाला हुंगला, मग जरा वेळाने एक पान ओढलं. काकी त्याला हळूहळू चालवत घरी घेऊन गेली. दावं तेवढं बांबूलाच राहिलं. दादाने सामना पुढे सुरू करायला सांगितलं.

अंतिम सामना हर्णैच्या पोरांनी जिंकला. फोटोसाठी कप्तानाच्या एका हातात चषक दिला आणि दुसऱ्या हातात रिकामं दावं. संध्याकाळी ते काकीच्या गोठ्यातून बोकड घेऊन गेले. त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. मी पोट बिघडल्याचं कळवलं.

पावसाळ्यात मुंबईत मंडळाची सभा झाली. जिवंत जनावर बक्षीस म्हणून ठेवू नये, असा ठराव मी मांडला. 'मग'चं उत्तर आता मी तयार करून नेलं होतं: खाणं वेगळं, मिरवणं वेगळं, भुकेसाठी त्याला उन्हात बांधावं लागत नाही. एकाने विचारलं, "सगळीकडे बोकड आणि आपल्याकडे नुसता कप? कोण येईल खेळायला?" मतदान झालं. माझा हात वर होता आणि खजिनदाराचा. खजिनदाराला वाटलं, चहा कोणाला हवा ते विचारतायत.

ठराव पडला. मी सांगितलं, बोकड असेल तर समालोचन दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. त्यांनी तेही केलं. पुढच्या मे महिन्यात मी रजा घेतलीच नाही. नवा समालोचक पहिल्याच दिवशी एका फलंदाजाच्या बायकोबद्दल काहीतरी बोलला आणि मैदानाबाहेर बॅटींनी मारामारी झाली, असं मला फोनवर कळलं.

दिवाळीत दादा आमच्या मुंबईच्या खोलीवर आला. पंख्याखाली बसून खूप वेळ हवापाण्याचं बोलला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "येत्या स्पर्धेला चषक आणि जिंकणाऱ्या संघाला जेवण. बोकड नाय."

"ठीक," मी म्हणालो. बायकोने त्याला लाडू बांधून दिले.

स्पर्धेला संघ नेहमीएवढेच आले. जेवणाची कल्पना आपलीच होती, असं दादा आता सगळ्यांना सांगतो आणि मी ते खोडत नाही. मात्र सामनावीराला अजून गावठी कोंबडा देतात. कोंबड्याचा प्रश्न काढला की दादा म्हणतो, "सगळं एकदम नाय." तोवर कोंबड्याची टोपली मी माझ्या टेबलाखाली, सावलीत ठेवून घेतो. समालोचन चालू असताना तो माझ्या पायाला चोची मारतो.