एक नंबरची कोठी

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी जालन्याजवळच्या एका बियाणे सुकवायच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर बसवला. तेव्हा मला वाटायचं, हे काम अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला येत नाही. आणि खोटं कशाला बोलू, येतही नव्हतं. तो प्रोग्राम लिहायचा नसायचा, चित्रासारखा काढायचा असायचा. पडद्यावर चौकोन मांडायचे, रंगीत तारांनी जोडायचे, झालं काम. कारखान्यात ओळीनं चार कोठ्या होत्या, प्रत्येकीत बी आणि खालून गरम हवा. पडद्यावर एकाखाली एक चार पट्ट्या, एकेका पट्टीत एकेका कोठीच्या तापमानाची रेघ सरकत राहायची.

कोठ्यांवर एक काका होते. राजूरकडचे, घरी शेती, पन्नाशी उलटलेली. कोठ्या उभ्या राहिल्या तेव्हापासून तेच बघत होते. पडद्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. पत्र्यावर उलटा हात ठेवायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि झडप किती उघडायची ते ठरवायचे. माझा अस्सा संताप व्हायचा! मी एवढं जीव तोडून बसवलेलं, आणि हा माणूस दाणे चावून राह्यला.

एका दुपारी मालकांचा फोन आला, जल्दी या. गेले तर मालक लालबुंद आणि काका भिंतीला टेकून उभे. झालं होतं असं की पडद्यावर एक नंबरची रेघ वर चढायला लागली. चाळीसच्या वर बराच वेळ राहिलं की बी आतून मरतं, वरून चांगलं दिसतं आणि पेरल्यावर उगवत नाही. मालक केबिनमधून धावत बाहेर आले, तर काका चार नंबरची थंड हवेची झडप उघडून उभे. एक तापतेय आणि हा बाबा चार उघडतोय! मालकांनी सगळ्यांसमोर त्यांना झाडलं आणि स्वतः उभं राहून एक नंबरची झडप उघडायला लावली. थोड्या वेळानं रेघ खाली आली. आता उद्यापासून काकांना कोठ्यांवरून काढून गोदामात पोती शिवायला बसवायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. फक्त यंत्र बरोबर आहे ना, तेवढं त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

मी आधी माझ्या पट्ट्याच तपासल्या, हे माझ्या बाजूनं सांगते. प्रत्येक पट्टी आपली मोजपट्टी आपोआप ताणून घेत होती. त्यामुळे अर्ध्या अंशाचा चढही डोंगराएवढा दिसायचा. ते आपोआपचं बंद केलं आणि चारही पट्ट्यांना वीस ते पन्नास अशी एकच मोजपट्टी दिली. खालच्या तिन्ही रेघा सपाट झाल्या. सगळ्यात वरच्या, एक नंबरच्या रेघेचा चढ मात्र तसाच राहिला, त्रेचाळीसपर्यंत. मी मालकांना ठासून सांगितलं, एक नंबर तापली होती, यात बिलकुल शंका नाही.

तेव्हा काका पहिल्यांदा बोलले. “एक नंबर थंड व्हती मॅडम. म्या हात लावून पाह्यला. चार तापून राह्यल्ती.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता यांना सगळ्यांसमोर दाखवतेच. कँटीनमधून गरम पाण्याचा मग मागवला. काकांना म्हणाले, जा, एक नंबरच्या कोठीतला सेन्सर काढा आणि या पाण्यात बुडवा. मी पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले.

वरची रेघ हललीच नाही. सगळ्यात खालची, चार नंबरची, सर्रकन वर गेली.

मी बाहेर पळाले. सगळ्या कोठ्यांच्या तारा जिथं येऊन जोडल्या होत्या तो माझा पॅनेल शेडच्या अलीकडच्या टोकाला होता. काका पाण्याचा मग घेऊन पार पलीकडच्या टोकाला उभे होते. म्हटलं, ही एक नंबर? ते शांतपणे म्हणाले, “मंग? नारळ हितंच फुटल्ता.”

कोठ्यांवर आकडे रंगवलेलेच नव्हते, त्यांना त्याची गरजच नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी ज्या कोठीपुढं नारळ फुटला ती एक, तिथून पुढं ओळीनं दोन, तीन, चार. मालकांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक. मी मात्र पॅनेलजवळच्या कोठीची तार पहिली जोडली, तिला एक म्हटलं, आणि कुणाला विचारलंही नाही. म्हणजे माझी एक ती त्यांची चार. काकांनी तीच उघडली होती आणि मालकांनी झापल्यावरही बंद केली नव्हती. रेघ खाली आली ती त्यामुळे.

मालकांनी विचारलं, चूक कुणाची? मी म्हणाले, “माझी. काकांनी बी वाचवलं.” मालक केबिनमध्ये गेले. काका कोठ्यांवरच राहिले. तापलेल्या कोठीतलं थोडं बी, उगवतं का बघायला, ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं, आठवड्यानं भरभरून मोड आले. मी रोज जाऊन बघत होते, हे कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात जुन्या ओळीच्या शेजारी, तिला समांतर, आणखी चार कोठ्या उभ्या राहिल्या. पूजेच्या दिवशी मी तारा हातात घेऊन कोपऱ्यात उभी होते. काकांनी सगळ्यांच्या मधून येऊन नारळ माझ्या हातात दिला.

“तुमीच फोडा मॅडम,” ते म्हणाले. “कुठून मोजायचं ते आमी तुमाला विचारू.”

मी पलीकडच्या टोकाला, त्यांच्या एक नंबरला लागून असलेल्या कोठीपुढं जाऊन फोडला.